सप्तपदी नाही, तरीही कायदेशीर

वारली आदिवासींच्या लग्नात भटजी नसतो. लग्न लावते धवलेरी, एक बाई. सवाष्णी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, चौकात पालघट देवी बसते आणि धवलेरीच्या गाण्यांवर एकेक विधी पार पडतो. ना सप्तपदी, ना संस्कृत मंत्र. तरीही हे लग्न कायद्याच्या नजरेत अस्सल आहे!

1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे दुसरे कलम उघडून पाहा. त्यातले दुसरे पोटकलम म्हणते की केंद्र सरकारने राजपत्रात वेगळे जाहीर केल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. संसदेने आपल्याच कायद्याला कुंपण घातले. मग कुंपणापलीकडे राज्य कुणाचे? जमातीच्या रूढीचे. देज म्हणजे वधूमूल्य किती, काडीमोड कुणासमोर, मुले कुणाकडे, हे सारे तिथे पंचांच्या तोंडी असते. नागालँड आणि मिझोराममधल्या रूढींना तर राज्यघटनेच्या 371ए आणि 371जी या अनुच्छेदांनी थेट संरक्षण दिले आहे.

तोंडी असली तरी रूढीला कसोटी कडक आहे. ती दीर्घकाळ, अखंड आणि सर्वांनी सारखी पाळलेली हवी, निश्चित हवी, अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नको. शिवाय जो रूढीचे नाव घेतो, त्यानेच ती सिद्ध करायची.

ही अट किती जड जाते, ते 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिसले. संथाळ नवऱ्याने दुसरे लग्न केले, अशी उराँव पत्नीची तक्रार होती. दोघे हिंदू धर्म पाळणारे, पण अनुसूचित जमातीचे. त्यामुळे हिंदू विवाह कायदा बाजूला राहिला. जमातीच्या रूढीने दुसरे लग्न रद्दबातल ठरते, हे तिनेच दाखवायला हवे होते. ते झाले नाही, आणि द्विविवाहाचा खटला तिथेच संपला.

2021 मध्ये दोन उच्च न्यायालयांपुढे कायदा लावायचा की रूढी, हाच पेच आला. दिल्लीत मीणा जमातीच्या जोडप्याचे लग्न हिंदू पद्धतीने लागले होते. म्हणून न्यायालयाने घटस्फोटाला हिंदू विवाह कायदा लावला. झारखंडमध्ये उराँवांसाठी लिखित घटस्फोट कायदा नाही म्हणून कुटुंब न्यायालयाने एका नवऱ्याचा दावा फेटाळला होता. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: कुटुंब न्यायालय सर्वांसाठी आहे, रूढी मांडा, सिद्ध करा आणि घटस्फोट मागा.

आदिवासींच्या लग्नाला आणि काडीमोडीला कायद्याचे पाठबळ आहे. घोडे अडते ते पुराव्यापाशी. म्हणून पंचांपुढे लग्न मोडले, तर निवाडा तारीख, सह्या, अंगठे आणि साक्षीदारांच्या नावांसह कागदावर उतरवून घ्या, आणि त्याची एक प्रत बाईच्या हाती राहू द्या.