अर्थसंकल्पाचा तिढा आणि हवाई वाहतूक नियंत्रकांचे मनुष्यबळ

७ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील अधिक वर्दळीच्या ४० विमानतळांवरील उड्डाणांत सरकारी आदेशाने कपात सुरू झाली. यामागे खराब हवामान नव्हते की इंधनाचा तुटवडाही नव्हता. १ ऑक्टोबरला सुरू झालेल्या वित्तीय वर्षाच्या खर्चावरून अमेरिकी काँग्रेसमध्ये (तेथील संसदेत) तडजोड होत नव्हती आणि विमानांना मार्ग देणारे नियंत्रक महिनाभराहून अधिक काळ वेतनाविना काम करीत होते. अर्थसंकल्पीय वाटाघाटी आणि नियंत्रकांची संख्या यांचा संबंध कसा येतो, हे समजून घेण्यासाठी प्रथम तेथील घटनात्मक व्यवस्था पाहिली पाहिजे.

कायद्याने विनियोजन झाल्याखेरीज कोषागारातून पैसा काढता येणार नाही, असे अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या अनुच्छेदाचे नववे कलम सांगते. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ११४(३) मध्ये संचित निधीबाबत हेच तत्त्व आहे. फरक पडतो तो पुढे. आपल्याकडे अर्थसंकल्प वेळेत संमत होणार नसेल तर अनुच्छेद ११६ अन्वये लेखानुदान घेतले जाते; आणि लोकसभेने अनुदानाच्या मागण्याच फेटाळल्या तर मंत्रिमंडळाला पायउतार व्हावे लागते. अमेरिकेत कार्यकारी सत्ता व विधिमंडळ एकमेकांपासून स्वतंत्र असल्याने असा निकाल लागत नाही. दोघेही आपापल्या जागी राहतात आणि तिढाही राहतो. तात्पुरत्या निधीचा ठराव तेथेही आहे, पण त्यासाठीही दोन्ही सभागृहांची संमती आणि राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी लागतेच. मंजुरीविना खर्च करण्यास मनाई करणारा कायदा १८८४ पासूनचा आहे. मात्र १९८० मध्ये महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्याचा कठोर अर्थ लावला आणि तेव्हापासून निधी संपताच कार्यालये बंद करण्याची पद्धत रूढ झाली. यालाच ‘शटडाऊन’ म्हणतात.

या कायद्यात मानवी जीविताच्या रक्षणाचा अपवाद आहे. नियंत्रक या अपवादात मोडतात. म्हणजे त्यांना कामावर यावेच लागते, पण वेतन मात्र तिढा सुटल्यावर मिळते. केंद्रीय कर्मचाऱ्यांना संप करण्यास तेथे कायद्याने बंदी आहे. थकीत वेतनाची हमी २०१९ च्या कायद्याने दिली असली, तरी घरभाडे आणि कर्जाचा हप्ता त्या हमीसाठी थांबत नाही. परिणामी काही जण रजा टाकतात, काही जोडधंदा शोधतात, तर काही नोकरीच सोडतात.

२२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ असा ३५ दिवसांचा शटडाऊन झाला. त्याच्या अखेरच्या दिवशी दोन नियंत्रण केंद्रांत मोजकेच नियंत्रक गैरहजर राहिले, तर न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळाकडे येणारी उड्डाणे काही काळ रोखावी लागली. त्याच दिवशी तोडगा जाहीर झाला. (कॅनडातील नियंत्रकांनी त्या दिवसांत अमेरिकी सहकाऱ्यांना पिझ्झा पाठविल्याची नोंद आहे.) २०२५ चा शटडाऊन त्याहून लांबला. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस तो चालला. ६ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियातील बरबँक विमानतळाचा मनोरा काही तास नियंत्रकांविना होता. ४ टक्क्यांपासून सुरू झालेली उड्डाणकपात ६ टक्क्यांवर नेण्यात आली आणि शटडाऊन संपल्यानंतरही काही दिवस, १७ नोव्हेंबरपर्यंत, ती पूर्णपणे उठली नाही.

तथापि रद्द झालेली उड्डाणे हा या प्रश्नाचा केवळ दिसणारा भाग होय. खरे नुकसान प्रशिक्षणाच्या साखळीत होते. अमेरिकेत वयाच्या ३१ व्या वर्षापूर्वी नियंत्रक म्हणून भरती व्हावे लागते आणि ५६ व्या वर्षी सामान्यतः निवृत्ती सक्तीची असते. ओक्लाहोमा सिटी येथील प्रबोधिनीत काही महिने शिकल्यानंतर प्रत्यक्ष केंद्रावर पूर्ण पात्रता मिळेपर्यंत साधारणतः दोन ते तीन वर्षे जातात. शिवाय ही पात्रता त्या त्या केंद्रापुरती असते. शिकागोचा नियंत्रक उद्या न्यूयॉर्कला बसविता येत नाही. थोडक्यात, खर्चाला मंजुरी वर्षाची मिळते आणि माणूस घडायला मात्र कित्येक वर्षे लागतात.

२०१३ मध्ये हे स्पष्टपणे दिसले. त्या वर्षी शटडाऊनच्या आधीच, १ मार्चला, तूट कमी करण्याबाबत एकमत न झाल्याने स्वयंचलित खर्चकपात लागू झाली. २१ एप्रिलपासून नियंत्रकांना बिनपगारी सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले. विमाने रखडू लागताच काँग्रेसने आठवड्याच्या आत विमानतळ विकासाच्या निधीतून २५.३ कोटी डॉलरपर्यंत रक्कम वळविण्याची मुभा दिली आणि ही रजा थांबली. परंतु नवी भरती गोठविलेलीच राहिली, प्रबोधिनी डिसेंबरपर्यंत बंद होती. प्रवाशांना रांग दिसते, रिकामा वर्ग दिसत नाही. म्हणून पहिल्यावर उपाय तत्काळ झाला.

ही खोट जुन्या दुखण्यावर पडली. ऑगस्ट १९८१ मध्ये संपावर गेलेल्या ११,००० हून अधिक नियंत्रकांना राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी बडतर्फ केले होते. त्यांच्या जागी जवळजवळ एकाच वेळी भरलेली पिढी २००७ च्या सुमारास एकाच वेळी निवृत्तीस पात्र होऊ लागली. नेमक्या त्या काळात अखंड भरतीची गरज होती.

यावर उपाय म्हणून निधीचा स्रोतच वेगळा करावा असे सुचविले जाते. विमान तिकिटावरील करांतून भरणारा स्वतंत्र न्यासनिधी अमेरिकेत १९७० पासून आहे, पण तो खर्च करण्यासही काँग्रेसची अनुमती लागते. कॅनडाने १९९६ मध्ये ही सेवा ‘नॅव्ह कॅनडा’ या ना-नफा संस्थेकडे सोपविली; तिचा खर्च विमान कंपन्यांकडून घेतलेल्या शुल्कातून चालतो. भारतात १ एप्रिल १९९५ रोजी स्थापन झालेले भारतीय विमानतळ प्राधिकरण ही सेवा देते आणि त्यासाठी मार्ग-दिशादर्शन शुल्क आकारते. त्यामुळे अर्थसंकल्प लांबला म्हणून आपल्या नियंत्रकाचे वेतन थांबत नाही. मात्र एवढ्याने मनुष्यबळाचा प्रश्न सुटतो असे नाही. नियंत्रकांची कमतरता आणि त्यांच्यावरील कामाचा ताण यांकडे २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही लक्ष वेधले आहे.