पहिला उठतो, शेवटी जातो

कळ दाबली की दिवा विझतो. संगणकाचे मात्र तसे नाही.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स या प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. लिनक्सवर चालणारा संगणक सुरू होताच हा गाभा सर्वांआधी ‘इनिट’ नावाच्या कार्यक्रमाला जागे करतो. म्हणून इनिटचा क्रमांक १ असतो. इतर कामे त्याच्यामागून सुरू होतात. म्हणून संगणक बंद करण्याची आज्ञाही त्याच्याकडेच जाते.

जुन्या पद्धतीत इनिटसाठी एक विशेष नळी राखलेली असे. आज्ञेची चिठ्ठी त्या नळीतून त्याला मिळे. नव्या पद्धतीत हा निरोप कार्यक्रमांच्या संदेशवाहिनीने येतो.

आज्ञा मिळताच इनिट वीज तोडीत नाही. तो प्रत्येक कार्यक्रमाला आवरते घेण्याची सूचना देतो, थोडा वेळ थांबतो आणि न ऐकणाऱ्यास बंद पाडतो. कारण लिहिलेला मजकूर काही काळ केवळ स्मृतीत असतो. वीज गेली की ती स्मृती पुसली जाते. मजकूर डिस्कवर सुखरूप उतरल्यावरच ‘बंद हो’ किंवा ‘पुन्हा सुरू हो’ अशी अखेरची आज्ञा गाभ्याला मिळते.

सर्वांना आवरावयास अवधी देऊन मग स्वतः थांबणे, हेच पहिल्या क्रमांकाचे कर्तव्य होय.