अडचणीचा बोळ : सल्ला कोणाचा घ्यावा?

घराची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये जो अरुंद, ओलसर व बहुधा मोडक्या बादल्यांचे आश्रयस्थान झालेला बोळ उरतो, त्याच्या सुधारणेसाठी गवंडी फरशी सुचवितो, माळी कुंड्या सुचवितो. परंतु या उभयतांस पाचारण करण्यापूर्वी तेथे ऊन केव्हा पोहोचते याची नोंद घरमालकाने स्वतः ठेवावी, हे उत्तम. पुण्याच्या अक्षांशावर सूर्य मेच्या मध्यास माथ्यावर येतो आणि जुलैअखेरपर्यंत मध्यान्ही किंचित उत्तरेस राहतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका कलतो की घराच्या उत्तरेकडील बोळास दुपारचे ऊन दिसतच नाही; सबब केवळ उन्हाळ्यात जागा पाहून दिलेला सल्ला अर्धवट समजावा. सावलीत नेचे, हळद, नागवेल जगतात. न्हाणीच्या पाण्यावर अळू व कर्दळ लावण्याची परसदारातील जुनी वहिवाट तर कोणाही तज्ज्ञाच्या शिफारशीची मोताद नाही. भिंतीच्या सांध्यात उगवलेला पिंपळ मात्र कोवळा असतानाच मुळासकट काढावा (पाप लागेल म्हणून कचरणाऱ्यांनी तो दूर माळावर रोवावा). बोळावर पत्रे टाकण्याचा मोह अनेकांस होतो. ती जागा मंजूर नकाशात सामासिक अंतर म्हणून दाखविलेली असल्यास आधी नगरपालिकेत चौकशी करावी. रोपांविषयीच्या शंका राहुरी (स्थापना १९६८) किंवा दापोली (१९७२) येथील कृषी विद्यापीठाकडे विचाराव्यात. विचारताना बोळाची लांबी-रुंदी, दिशा आणि उन्हाचे तास अवश्य कळवावेत.