त्वचेतील पाणी आणि क्रीमचे कार्य

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, म्हणजे शृंगस्तर, शरीराच्या बहुतेक भागांवर मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांइतकाच जाड असतो. तरीही शरीरातील पाणी आत राखण्याचे मुख्य काम तोच करतो. केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत, चपट्या पेशी या थरात एकावर एक रचलेल्या असतात, आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मुक्त मेदाम्ले यांचे मिश्रण, विटांमधील चुन्याप्रमाणे, त्यांच्यामधील सांधे भरून काढते. पेशींच्या आत अमिनो आम्ले, यूरिया, लॅक्टिक आम्लाचे क्षार इत्यादी पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात, ज्यांना एकत्रितपणे नैसर्गिक आर्द्रताधारक घटक म्हणतात. थरातील पाणी सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेले की केराटिन ताठर होते, त्वचा खरखरीत लागते आणि हालचालीच्या ताणाने तिला भेगा पडतात.

कोरडी त्वचा तेलाअभावी कडक होते, ही समजूत १९५२ साली अमेरिकी संशोधक अर्विन ब्लँक यांच्या प्रयोगांनी मोडीत काढली. वाळलेल्या घट्ट्याचे तुकडे तेलकट पदार्थांत ठेवले तरी ते कडकच राहतात, पाण्यात मात्र ते लवचिक होतात, असे त्यांना आढळले. त्वचेला मऊपणा देते ते पाणी. तेलाचे काम ते पाणी टिकवण्याचे. क्रीममधील प्रत्येक घटकाची पारख याच तत्त्वावर करावी लागते.

हे घटक स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात. आर्द्रताग्राही घटक पाण्याचे रेणू स्वतःशी बांधून ठेवतात. ग्लिसरीन हा त्यांतील सर्वांत जुना व विश्वासार्ह घटक होय. यूरिया अल्प प्रमाणात हेच काम करतो, परंतु त्याचे प्रमाण बरेच वाढवले की तो केराटिनची बांधणी सैल करतो, म्हणून टाचांच्या जाड त्वचेसाठी तो वापरला जातो. हवा फार कोरडी असेल, तर केवळ आर्द्रताग्राही घटक त्वचेच्या आतल्या थरांतील पाणी वर ओढतात आणि तेही उडून जाण्याची शक्यता राहते; म्हणून त्यांना आच्छादक घटकांची जोड द्यावी लागते.

आच्छादक घटक त्वचेवर पातळ पटल तयार करून बाष्पीभवन रोखतात. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली जिच्या निर्मितीचे पेटंट घेतले, ती पेट्रोलियम जेली या कामात आजही अतिशय प्रभावी मानली जाते. तिसऱ्या प्रकारातील मृदुकारी घटक सुटत चाललेल्या पेशींमधील फटी भरून पृष्ठभाग गुळगुळीत करतात. कोकणात आणि गोव्यात टाचांच्या भेगांवर परंपरेने लावले जाणारे कोकमाचे तेल या दोन्ही प्रकारांत मोडते. स्टिअरिक व ओलेइक आम्लांनी समृद्ध असे हे तेल सामान्य तापमानाला घट्ट राहते आणि शरीराच्या उष्णतेने हळूहळू मऊ होऊन पसरते.

क्रीम तयार करताना हे परस्परविरोधी घटक एकत्र नांदवावे लागतात. तेल व मेण एका भांड्यात आणि पाणी व ग्लिसरीन दुसऱ्या भांड्यात साधारण ७० ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, कारण एवढ्या उष्णतेत बहुतेक मेणे पूर्ण वितळतात. पाणी व तेल दोन्हींशी जुळणारे रेणू असलेला पायसकारक पदार्थ घालून दोन्ही द्रव वेगाने घुसळले की तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात विखुरतात आणि त्यांवरून प्रकाश विखुरल्यामुळे मिश्रण पांढरे दिसू लागते. ते थंड होईपर्यंत सावकाश ढवळत राहतात. सुगंधासारखे उष्णतेने उडून जाणारे पदार्थ शेवटी घालतात. पाणी असलेल्या मिश्रणात जंतू वाढू शकतात, म्हणून परिरक्षक आवश्यक ठरतो.

त्वचेवर लावताच क्रीममधील बरेचसे पाणी उडून जाते आणि ग्लिसरीन व स्निग्ध पटल मागे उरते. खरे कार्य या उरलेल्या भागाचेच. म्हणून अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच क्रीम लावावे, आणि ते निवडताना किंमत वा जाहिरात न पाहता वेष्टनावरील घटकांच्या यादीत पाणी धरणारा व पाणी अडवणारा असे दोन्ही घटक आहेत का, हे वाचकांनी अवश्य तपासावे.