वाळूत रुतलेलं पिल्लू

श्रीरामपूरच्या शिवारात ऊसतोड चालू असताना सरीत बिबट्याची पिल्लं सापडली, की कोयते थांबतात. वनखात्याची माणसं येऊन पिल्लं तपासतात आणि तिन्हीसांजेला त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून लांब होतात. रात्री मादी येते, मानगुटीला धरून एकेक उचलून नेते.

२०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं, तेव्हा मला तो क्रेट आठवला. इथे आई किनाऱ्यावर येऊ शकत नव्हती.

नावात मासा असला तरी देवमासा आपल्यासारखाच हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. वाळूवर त्याला मारतं ते त्याचंच वजन. पाण्यात अंग तोललेलं असतं. बाहेर तेच छातीवर येतं, फुप्फुसं पुरती फुगत नाहीत, स्नायू चेचले जातात. चरबीच्या जाड थरामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून आधी ओल्या चादरी, बादल्या आणि सावली. डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ द्यायची नाही. परांखाली खड्डे उकरायचे, म्हणजे ते दुमडत नाहीत. शेपटीला दोर बांधून ओढायचं तर मुळीच नाही, त्यानं सांधे निखळतात. घाबरलेली गर्दी नेमकी शेपटीलाच हात घालते.

गणपतीपुळ्याला गावकरी, पर्यटन महामंडळाचे कर्मचारी, वनखातं, पोलीस आणि तटरक्षक दल ऐन सणात राबले. पिल्लाला सलाइन लावलं, भरतीच्या पाण्यात बाहेर नेऊन सोडलं. पुढे त्याचा मृतदेहच किनाऱ्याला लागला. दूधपितं पिल्लू एकट्यानं कसं जगणार? २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला आलेला ४२ फुटी निळा देवमासाही वाचला नव्हता. तरी त्या माणसांच्या कष्टांना मी वाया गेलेले म्हणणार नाही.

खरी आशा मला वाटते ती किनाऱ्यापासून दूर, होडीवर. २०१८ च्या अखेरीस राज्य सरकारनं ठरवलं, की जाळं कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. जाळं म्हणजे घरची चूल. ते कापायला पोटाला आधार हवाच. आणि तिथे वेळ मिनिटांचा असतो, कारण जाळ्यात अडकलेला डॉल्फिन वर येऊ शकला नाही तर गुदमरतो.

तांडेल सुरीनं जाळं कापतो. भरपाईला पुरावा लागतो, म्हणून एक खलाशी मोबाइल धरून उभा. धागे सुटतात, करडी पाठ पाण्यावर येते, फुस्सकन श्वास सुटतो.