फळबागेचे अनुदान : उताऱ्यावर नाव नसेल तर?

सांगोला भागातील एका बागवान चाचांनी मागच्या हंगामात आम्हाला आपली वही दाखविली. अडीच एकर डाळिंबाची बाग ते सात वर्षे मक्त्याने करीत होते. जमिनीचा मालक नोकरीनिमित्त पुण्याला. छाटणी, पानगळ, फवारणी, राखण, तोडणी, क्रेट भरून बाजाराला नेणे, सगळे चाचांचे. जुने ठिबक निकामी झाले तेव्हा नवे बसविण्याचा खर्चही त्यांनीच केला. अर्ज मात्र मालकाच्या नावे झाला, कारण सातबारा मालकाच्या नावे. अनुदान आले ते मालकाच्या बँक खात्यात. आणि पुढच्या बहाराला मालकाने बाग जास्त रकमेला दुसऱ्याला दिली.

“नळ्या मी अंथरल्या, पाणी मी दिले, आणि सरकारच्या दप्तरात मी कुठेच नाही,” असे चाचा म्हणाले. रागाने नव्हे, हिशेब सांगावा तसे.

मालकाला सरळ चोर म्हणता येईल असेही नाही. कागदाप्रमाणे पैसा त्याचाच होता. आमच्या वाचकांत बागवान, आडतदार, कोकणातले आंबा बागायतदार आणि फळे-भाजीच्या धंद्यावर घर चालविणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी बोलताना आम्हाला वारंवार एकच गोष्ट दिसली. सरकारी अनुदान राबणाऱ्या हाताला मिळत नाही, ते उताऱ्यावरच्या नावाला मिळते. आपल्या लोकांचे नाव त्या उताऱ्यावर का नसते आणि ते नसताना काय करता येते, हे आज मांडावे म्हणतो.

महाराष्ट्रात फळबागेला सरकारने मोठ्या प्रमाणावर पैसा दिला तो १९९० पासून. रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली. खड्डे खणण्याची मजुरी, कलमे, खत यांसाठी टप्प्याटप्प्याने मदत मिळू लागली. कोकणातल्या कातळावर आंबा-काजू आणि सोलापूर, नगरकडच्या दुष्काळी माळावर डाळिंब, बोर, सीताफळ उभे राहिले त्यात या योजनेचा वाटा फार मोठा. पुढे २००५-०६ मध्ये केंद्राचे राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आले आणि २०१४-१५ पासून ते एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात मिसळले. रोजगार हमीच्या अटीत न बसणाऱ्यांसाठी राज्याने २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना काढली. माल आमच्या आडतीवर आला, धंदा वाढला. पण ज्यांनी बागा राखल्या त्यातल्या कितीजणांना या योजनांची नावे तरी ठाऊक होती?

फुंडकर योजनेचे नियम पाहिले की अडचण कुठे आहे ते कळते. कोकणात किमान दहा गुंठे ते कमाल १० हेक्टर, बाकी महाराष्ट्रात किमान वीस गुंठे ते कमाल ६ हेक्टर, अशी मर्यादा ठेवली गेली. पैसे तीन वर्षांत, पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २०. पहिल्या वर्षी किमान ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जगलेली हवीत. मेलेली झाडे स्वखर्चाने पुन्हा लावायची. संस्थेला नाही, व्यक्तीलाच लाभ. आणि सातबाऱ्यावर अनेक नावे असतील तर इतर खातेदारांच्या संमतीने, तेही आपल्या हिश्श्यापुरतेच. कुळाचे नाव असेल तर कुळाचीही संमती लागते.

आता आपल्याकडची स्थिती पाहा. बागवान पिढ्यान्‌पिढ्या बागा करतो, पण जमीन त्याची नसते. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ चा. त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे आयुष्यभर झाडावर चढला, पण खात्यावर नाव नाही, तर तो शेतकरी नाही! त्याच कायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्याला मालक केले. ते योग्यच झाले. पण तेव्हापासून जमीनमालकाच्या मनात ‘कूळ लागेल’ ही भीती बसली ती आजही गेलेली नाही. म्हणून मक्ता तोंडी. कागद मागितला तर बागच जाते. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन खंडाने देण्याचा नमुना कायदा मांडला होता, पण गावातल्या मालकाची भीती नमुन्याने कशी जावी?

यावर एक वाट आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात झाडावरचे फळ हे जंगम मालमत्तेत धरले आहे. तेव्हा जमीन खंडाने घेतल्याचा कागद न करता त्या बहाराच्या फळांच्या खरेदीचा कागद करता येतो. मृग बहार, हस्त बहार की आंबे बहार, किती झाडे, किती रक्कम, बयाणा किती, फवारणी कोणाची, पाणी कोणाचे, हे त्यात लिहावे. कागद दरवेळी एकाच बहाराचा ठेवावा आणि वकिलाच्या नजरेखालून घालावा. मालकाला जमिनीची धास्ती राहत नाही, म्हणून तो सही करतो. आणि त्याच कागदात एक ओळ घालावी: ठिबक किंवा अन्य साधनाचा खर्च खरेदीदाराने केला असल्यास त्यापोटी येणारे अनुदान कोणाचे, आणि मालकाच्या खात्यात जमा झाले तर ते कसे फिरवायचे. सांगोल्याच्या चाचांकडे एवढी एक ओळ असती तर?

कोकणातली गोष्ट निराळी. तिथे जमीन आपली आहे, पण ती आजोबांच्या नावे आहे. रत्नागिरी-रायगडात एकेका उताऱ्यावर पंधरा-वीस नावे आम्ही पाहिली. त्यातले चार वारलेले, सहा मुंबईत, तीन आखातात, एखादा आफ्रिकेत. गावात राहून बाग सांभाळणारा एकच भाऊ, आणि त्याला संमतीपत्र आणायला समुद्र ओलांडावा लागतो. कित्येक घरांत फुफी आणि बहिणींची नावे लागलेलीच नाहीत. वाटणी मागतील म्हणून भावांनी वारस नोंद टाळली. आता अर्जाची वेळ आली की तेच अंगाशी येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते. (२०२४ पासून तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नाव बदलले, दप्तर तेच.) मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, अर्ज. नोंद आधी गाव नमुना ६-क मध्ये, मग फेरफार. बहिणींना त्यांचा हिस्सा द्यावाच, तो त्यांचा हक्क आहे. पण निव्वळ धंद्याच्या दृष्टीने पाहिले तरी नाव लावलेली, राजी असलेली बहीण संमतीपत्रावर सही करते. डावललेली करीत नाही.

ज्यांचे नाव उताऱ्यावर आहे त्यांनाही ठेच लागते ती घाईपायी. अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर करायचा असतो. एप्रिल २०२५ पासून त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. अर्ज मंजूर झाल्यावर पूर्वसंमतीचे पत्र मिळते आणि खरेदी त्यानंतरच करायची. दुकानदार म्हणतो, आज सवलत आहे, उचला माल. पत्राआधीच्या तारखेचे बिल असले की अनुदान गेलेच. कलमे मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्यावीत आणि पावती जपावी. ओळखीच्या माणसाकडची कलमे कितीही चांगली असली तरी दप्तर त्यांना ओळखत नाही.

दुसरा गैरसमज ‘पन्नास टक्के’ या शब्दाचा. अनुदान आपल्या बिलावर नसते, सरकारने ठरविलेल्या खर्चावर असते. २०१४ च्या मापदंडात ९ मीटर बाय ६ मीटरच्या पॅक हाऊसचा खर्च ४ लाख धरला होता आणि निम्मे म्हणजे २ लाख मिळत. बांधकाम सहा लाखांना गेले तरी दोनच लाख. २५ टनी कांदाचाळीला टनामागे साडेतीन हजारांप्रमाणे ८७,५०० रुपये. लोखंड-सिमेंटचे भाव कुठे गेले ते आमच्या वाचकांना सांगायला नको. २०२५ मध्ये केंद्राने हे मापदंड वाढविले. चालू वर्षाचा आकडा तालुका कृषी कार्यालयातून लेखी घ्यावा, दुकानदाराच्या तोंडचा धरू नये. त्यातल्या त्यात उदार योजना ठिबकाची राहिली. केंद्राकडून लहान शेतकऱ्याला ५५ टक्के, इतरांना ४५, आणि राज्याने त्यात भर घालून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेले. पाच एकरांच्या, म्हणजे दोन हेक्टरांच्या, आतला खातेदार लहान शेतकऱ्यांत मोडतो.

आता व्याजाचा प्रश्न. आम्हाला तो सर्वांत जास्त विचारला जातो. अनुदाने दोन जातीची असतात. फळबाग लागवड, ठिबक, कांदाचाळ, छोटे पॅक हाऊस यांना बँकेच्या कर्जाची सक्ती नाही. खर्च करा, तपासणी होऊ द्या, पैसे खात्यात. पण शीतगृह, केळी-आंबा पिकविण्याची रायपनिंग चेंबर यांचे ३५ टक्के अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेले असते. २०२० मध्ये आलेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्रीय योजना तशीच: ३५ टक्के, कमाल १० लाख, स्वतःचे किमान १० टक्के, बाकी कर्ज. लोणचे, मनुका, केळीचे वेफर, आंब्याचा गर करणाऱ्या आपल्या माणसांसाठी ती सोयीची, कारण तिला सातबारा लागत नाही. पण कर्जाशिवाय ती मिळत नाही. केळीच्या व्यापाऱ्याची तर दोन्हीकडून कोंडी. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, चेंबर पाहिजे, आणि चेंबरचे अनुदान घ्यायचे तर बँकेच्या दारात जायचे. जायज-नाजायजचा निवाडा आलिमांनी द्यावा, आमचे ते काम नव्हे. पण फॉर्म भरण्याआधी योजना कोणत्या जातीची आहे ते विचारून घ्यावे, एवढे आम्ही सांगू. प्रकल्प अहवालाला पैसे मोजून झाल्यावर हे कळलेली मंडळी आम्हाला भेटली आहेत.

कर्जाची सक्ती नसलेल्या योजनेतही पैसा आधी आपला जातो. अनुदान काही महिन्यांनी येते, कधी वर्षही लोटते. हा मधला काळ छोट्या बागायतदाराला झेपत नाही. मग तो आडतदाराकडून उचल घेतो, माल त्याच आडतीवर बांधला जातो, आणि पट्टी हाती येते तेव्हा उचल वजा होऊन काही उरत नाही. २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले, तरी उचलीची दोरी तुटली नाही. आमच्या आडतदार बंधूंना हे वाचून बरे वाटणार नाही. पण पूर्वसंमतीचे पत्र हाती असलेल्या बागायतदाराला आठ-दहा महिन्यांसाठी कर्जे-हसना देणे बुडीत व्यवहार नाही. परत येणारी रक्कम कुठून येणार ते पत्रावरच लिहिलेले असते. बिनव्याजी पतसंस्था आणि जमातीच्या बैतुलमालांनी शिक्षण-इलाजाबरोबर याचाही विचार करावा. मोठ्या रकमेची गरज नाही. एका एकराच्या ठिबकाचा खर्च एका मुलीच्या लग्नातल्या मंडपाहून पुष्कळदा कमी असतो.

चाचांनी यंदा जवळच्या गावात दुसरी बाग धरली आहे, दीड एकर. मुद्रांकावर मृग बहाराच्या फळखरेदीचा कागद झाला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. ठिबकाचा अर्ज मालकाच्या नावे, पैसा चाचांचा, आणि कागदावर सातव्या ओळीत लिहिले आहे की अनुदान जमा होताच तेवढी रक्कम पुढच्या मक्त्यातून वजा होईल. पूर्वसंमतीचे पत्र अजून यायचे आहे. तोवर चाचा जुन्या पाटानेच पाणी देत आहेत आणि दुकानदाराला म्हणत आहेत, नळ्या बाजूला काढून ठेव, बिल मात्र फाडू नकोस.