चेंजरमध्ये फुटलेली सीडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमरावती रस्त्यावरच्या आमच्या वाडीत जुन्या गाड्या पुष्कळ. त्यांतल्या काहींत सहा सीडींचा चेंजर अजून चालतो. त्यात सीडी फुटली की पहिला दोष उन्हाला दिला जातो.

पण सीडीचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिकार्बोनेट, मऊ पडायला सुमारे 147 अंश लागतात. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला आणि बंद गाडी त्याहून तापली, तरी एवढी उष्णता होत नाही. उन्हानं सुटतो तो सीडीवर चिकटवलेल्या कागदाचा गोंद. मग कागदाची कड उचलते आणि सीडी आत अडकते. वेगानं फुटली म्हणावं, तर गाण्यांची सीडी मिनिटाला 200 ते 500 फेरेच घेते. खरं कारण बहुधा मधल्या भोकाजवळचा केसाएवढा तडा. डबीतून सीडी वाकवून ओढली की हा तडा पडतो.

‘पट्टी घालून तुकडे ओढून काढता येतात’ हा समज सगळ्यात महागात पडतो. लेसरची लेन्स अतिशय बारीक तारांवर तरंगती असते. हॅकसॉ ब्लेडचा एक धक्का तिला पुरे. दुसऱ्या सीडीला दुतर्फी टेप लावून आत सारली, तर तीही अडकू शकते. बाहेर काढण्याचं बटण दाबत राहिलात, तर प्लास्टिकच्या गिअरचे दात जातात. सीडी फुटल्यानं चेंजर क्वचितच मरतो, या खटपटीनं मरतो.

त्यापेक्षा चेंजर असलेला स्टिरिओ सेट बंद करा, काढून घ्या, झाकण उघडा आणि चिमट्यानं तुकडे उचला. पण बॅटरीची तार सोडण्याआधी सेटचा कोड जवळ आहे ना, ते पाहा. अनेक सेट वीज तुटल्यावर कोडशिवाय सुरूच होत नाहीत. डॅशबोर्डमागच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या असू शकतात. त्या दिसल्या तर काम जाणत्या कारागिराकडे सोपवा. झाकण उघडं असताना वीज देऊन आत डोकावू नका. तो लेसर डोळ्यांना जवळपास दिसतच नाही. लेन्स पेट्रोल किंवा थिनरनं पुसू नका, ती धुरकट होते.

निघालेले तुकडे एका अख्ख्या सीडीवर मांडा. बोटाच्या नखाएवढीही जागा रिकामी राहिली, तर तेवढा तुकडा अजून आत आहे. तो सापडेपर्यंत झाकण लावू नका.